लवणासुराला धातूही चालतात

लोणारच्या सरोवरात जेट स्की चालत नाही आणि काठावर गळ टाकून बसलेला माणूसही दिसत नाही. जेट स्कीला आडवं येतं अभयारण्य, 2000 सालापासूनचं. 2020 मध्ये त्यावर रामसर यादीतल्या पाणथळ जागेचा शिक्काही बसला. गळवाल्याला आडवं येतं खुद्द पाणी. सामू दहाच्या घरात नोंदलेल्या पाण्यात मासा धरायचा कसा? तरीही खारं पाणी धातू कसं खातं हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी. हे पाणी खारं आहे, पण समुद्रासारखं वागत नाही.

दंतकथा म्हणते, विष्णूने इथे लवणासुराला मारलं. सरोवराचं पाणी हे त्याचं रक्त आणि खार हे त्याचं मांस. अकबराच्या दरबाऱ्यांना कथेपेक्षा खारात रस होता. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. असुर मेला, पण त्याची भूक मेली नाही. ती आता मालवणच्या किनाऱ्यावरच्या वॉटर स्कूटरींवर आणि हौशी गरवणाऱ्यांच्या रिळांवर भागते.

लोखंड तगतं, जर्मल विरघळतं

लोणारचं पाणी म्हणजे मीठ अधिक सोडा. सोड्यामुळे पाणी आम्लारी होतं आणि आम्लारी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक पातळ, चिवट पापुद्रा बसतो. तो आहे तोवर गंज आत शिरत नाही. कारखान्यातल्या बॉयलरचं पाणी म्हणूनच मुद्दाम दहाच्या वरच्या सामूला ठेवतात. काँक्रीटमधली सळईही याच कारणाने वर्षानुवर्षं टिकते, कारण काँक्रीटच्या पोटातला सामू बाराच्या वर असतो. म्हणजे लोणारचं पाणी लोखंडाचं मित्र? अर्धंच. त्यात क्लोराइडही आहे, आणि क्लोराइड हा पापुद्र्याला सुईसारखी भोकं पाडणारा गडी. वरून सळई ठणठणीत, आत खड्डा.

ॲल्युमिनियमची तऱ्हा उलटी. त्याचा पापुद्रा साधारण चार ते साडेआठ सामूच्या पट्ट्यात सुखी असतो. समुद्राचं पाणी आठाच्या थोडं वर, म्हणजे कसंबसं पट्ट्यात. तिथे ॲल्युमिनियमला क्लोराइडचे खड्डे पडतात, पण ते तग धरतं. सोड्याच्या पाण्यात मात्र पापुद्राच विरघळतो. जर्मलचं पातेलं धुण्याच्या सोड्याने घासून काळं करून ठेवलेल्या कुणालाही हे रसायनशास्त्र शिकवायची गरज नाही. आजच्या बऱ्याच रिळांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, जेट स्कीच्या इंजिनाचा ठोकळाही. तेव्हा मालवणात वर्षभर टिकलेलं रीळ लोणारात बुडवून ठेवण्याचा प्रयोग कुणी करू नये. अभयारण्यात तर नकोच.

मॅग्नेशियमची रिळंही मिळतात. हातात घेतली की पिसासारखी, किमतीला भारी आणि समुद्राला सगळ्यांत भित्री.

निजलेलं मीठ

आता विदर्भातल्यांसाठी खास. मे महिन्यात कोकणात जाऊन आलात, रीळ न धुता बॅगेत टाकलंत आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या घरी आणून माळ्यावर ठेवलंत. महिनाभर त्याला काही होत नाही. आपण उगाच घाबरत होतो, असं वाटतं. मग मृगाचा पाऊस येतो आणि आठवड्याभरात रिळावर तांबूस ठिपके उमटतात.

साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःहून पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तेहेतीस टक्केच पुरतात. वऱ्हाडी उन्हाळ्याच्या दुपारी हवा याहूनही कोरडी असू शकते, म्हणून मीठ निजून राहतं. गंजाला पाणी लागतं, ते मिळालं की कामाला सुरुवात. कोकणात मीठ निजतच नाही. मुंबईत समुद्रासमोरच्या इमारतींच्या खिडक्यांचे गज त्याची साक्ष देतात.

यावरून एक फुकटचा धडा निघतो. मिठावर तेल फवारून काही होत नाही. तेलाखाली मीठ सुखाने कोंडलं जातं. आधी गोडं पाणी, मग वाळवणं, मग तेल. गोड्या पाण्याचं म्हणाल तर लोणारात ते खाऱ्याच्या शेजारीच आहे. विवराच्या काठावर गोमुखाची धार वाहते ती गोड्या पाण्याची. निसर्गाने विष आणि उतारा एकाच पत्त्यावर ठेवला आहे.

रिळाला शॉवर, पिचकारी नाही

कोकणात याला गरवणं म्हणतात, आणि गरवायला गेलेला माणूस जिताडा किंवा तांबोशीशी झुंजून परत येतो तेव्हा पहिला हात सहसा मोबाइलकडे जातो, फोटोसाठी. तो आधी नळाकडे जावा. नियम सोपे आहेत:

रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरीचा ब्रेक, घट्ट आवळायचा, म्हणजे पाणी आतल्या चकत्यांत शिरत नाही. मग हलक्या धारेखाली धुवायचं. पाइपाचा जोर लावायचा नाही, जोराच्या पाण्याने मीठ बाहेर येत नाही, बेअरिंगमध्ये ढकललं जातं. बादलीत बुडवायचं तर मुळीच नाही. कोरडं झालं की ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर चकत्या दबून बसतात. बेअरिंगला तेलाचा एखादा थेंब, दातेरी चाकांना ग्रीस. उलट केलं तर दोन्ही बिघडतं.

रीळ हे काही साहेबी खूळ नव्हे. चिनी चित्रकार मा युआन याच्या 1195 च्या सुमाराच्या चित्रात, थंडीच्या तळ्यात होडीवर बसलेल्या गळवाल्याच्या काठीला रीळ आहे. ते तळं गोड्या पाण्याचं असावं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर गंजाची काळजी नाही. बुलढाण्याचे गळवालेही या बाबतीत सुदैवी. खडकपूर्णेच्या धरणावर रोहू आणि मरळ धरताना मिठाचा प्रश्नच येत नाही.

आधी इंजिन, मग नळ

‘जेट स्की’ हे खरं तर कावासाकीचं ब्रँडनाव, पण आपण प्रत्येक वॉटर स्कूटरला तेच म्हणतो. कल्पना क्लेटन जेकबसन या मोटोक्रॉसवेड्या अमेरिकी माणसाची. मोटरसायकलवरून जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं, असा साधा विचार.

या यंत्रांत दोन घराणी आहेत. यामाहा आणि कावासाकी थंड होण्यासाठी बाहेरचंच पाणी इंजिनात फिरवतात. सी-डू मात्र इंजिनात कूलंट फिरवते, गाडीसारखी. पहिल्या घराण्याच्या पोटात रोज समुद्र जातो, दुसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये तरी जातोच. म्हणून दिवस संपला की दोन्हींना गोड्या पाण्याने धुणं सक्तीचं. पाणी वाळलं तर आतल्या नळ्यांत मिठाचे खडे धरतात आणि पुढच्या फेरीला इंजिन तापतं.

इथे क्रम चुकला की संपलं. आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टच्या वाटेने मागे सिलिंडरमध्ये शिरू शकतं. गंज टाळायला निघालेला माणूस इंजिन बुडवून बसतो. कोरडं इंजिन फार वेळ चालवायचं नाही, त्याची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

स्टीललाही गंज चढतो

हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये 1913 साली न गंजणारं पोलाद काढलं, आणि तेव्हापासून आपण ‘स्टील आहे, काही होत नाही’ असं म्हणत आलो. स्वयंपाकघरातलं स्टील बहुतेक 304 जातीचं. समुद्रावर 316 लागतं, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडच्या सुया त्याला कमी टोचतात. कैरीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीतच घालण्यामागे आज्यांचा हाच हिशेब होता, जरी मॉलिब्डेनम त्यांच्या यादीत नव्हतं.

जुन्या काळी मीठ चुकवायचं तर लोखंडच टाळायचे. जंजिऱ्यावरची कलाल बांगडी तोफ पंचधातूची म्हणून ओळखली जाते, आणि समुद्राच्या तोंडावर शेकडो वर्षं बसून आहे. सिंधुदुर्गाचं काम 1664 मध्ये सुरू झालं, त्याच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. शिशावर समुद्रात न विरघळणारा थर बसतो, त्यामुळे निवड अगदी नेमकी.

डब्ल्यूडी-40 हे गॅरेजमधलं लाडकं नाव 1953 चं, सॅन डिएगोचं. पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं, म्हणून 40. वापर आधी झाला तो ॲटलस क्षेपणास्त्राच्या अंगाला गंज लागू नये म्हणून. पाणी हाकलायला उत्तम, पण रिळाच्या दातेरी चाकांचं ग्रीस ते धुऊन नेतं.

बळीचा बकरा

1761 साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणारे किडे येऊ नयेत म्हणून. दोन वर्षांनी पाहिलं तर लोखंडी खिळे झिजून गेलेले. काही मोजके खिळे मात्र साबूत. का? पत्रे ज्या जाड तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद कामगारांनी तिथे काढलाच नव्हता. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात भिडले की विजेचा घट तयार होतो आणि लोखंड झिजतं. मध्ये कागद असला की भिडत नाहीत.

हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये हीच खोड कामाला लावली. तांबं वाचवायचं तर त्याला मुद्दाम लोखंड किंवा जस्त जोडा, झिजायचं ते झिजेल. ‘समरँग’ जहाजावर लावून पाहिलं, तांबं वाचलं. फार वाचलं. तांबं विरघळत होतं म्हणून त्याच्या विषाने शिंपले-शेवाळ दूर राहत होते. विरघळणं थांबलं आणि जहाजाचा तळ जिवांनी माखला. प्रयोग गुंडाळावा लागला.

तत्त्व मात्र तगलं. आज कोकणातल्या ट्रॉलरपासून जेट स्कीपर्यंत खाऱ्या पाण्यातल्या यंत्रांना बळीसाठी असा एखादा तुकडा जोडलेला असतो. मेकॅनिक त्याला सरळ ‘झिंक’ म्हणतात. 1 जून ते 31 जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की तो बदलण्याची वेळ. अर्धा झिजला की बदलावा. त्याला रंग फासू नये, रंगाखाली तो निकामी होतो. आणि वर्षभर समुद्रात राहून झिंक नव्यासारखा चकचकीत दिसत असेल, तर मालकाने खूश होऊ नये. तो धातूला नीट जोडलेलाच नाही, आणि त्याच्या वाटचं काहीतरी दुसरंच झिजतंय.