घडीचा फोन घ्यावा का?



दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझी भाची अमेरिकेहून सुट्टीवर आली. न्यू जर्सी राज्यात एडिसन गावी ती नोकरी करते. घरी आल्यावर तिने पर्समधून पानाच्या डब्याएवढी एक वस्तू काढली आणि आजीच्या हातात ठेवली. "आजी, घडी तू मोड," असे ती म्हणाली. नव्या लुगड्याची घडी मोडायला घरातल्या वडीलधाऱ्या बाईला द्यावे, ही आपली रीत तिकडे राहूनही ती विसरलेली नाही. आजीने दोन्ही अंगठे लावून ती वस्तू पोथीसारखी उघडली, आणि आत लांबरुंद उजळ पडदा पाहून घरातले सगळे पुढे सरसावले. घडीच्या फोनाचे आम्हाला झालेले ते पहिले दर्शन.

त्या वेळी माझा एक जुना विद्यार्थी तेथे बसला होता. हॉटेलात कारकुनी करतो, लग्न व्हायचे आहे, वडील थकलेले आहेत. त्या दिवसापासून त्याने दर महिन्याला पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. यंदा भाची पुन्हा येणार हे कळताच तो माझ्याकडे आला. "गुरुजी, ताईंना एक फोन आणायला सांगाल का? तिकडे स्वस्त मिळतो म्हणतात." मी म्हटले, आधी चौकशी करू, मग सांगू. त्या चौकशीत जे हाती लागले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख.

घडीच्या फोनाचे वेड अमेरिकेला नवे नाही. हातात धरून बोलायच्या फोनावरून पहिले संभाषण ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर झाले. ते करणारे मार्टिन कूपर हे मोटोरोला कंपनीचे अभियंते. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच कंपनीचा पहिला विक्रीयोग्य फोन बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती! १९९६ चा 'स्टारटॅक' हा शिंपल्यासारखा मिटणारा फोन, आणि २००४ चा पातळ 'रेझर' तर जगभर तेरा कोटींवर खपला. पण त्या फोनांत वाकत होते ते बिजागर. पडदा एका अर्ध्यात, बटणे दुसऱ्या अर्ध्यात. आजच्या फोनात खुद्द पडदाच वाकतो, आणि सारी गोम तेथेच आहे.

असा पहिला फोन २०१८ च्या अखेरीस रॉयोल नावाच्या कंपनीने काढला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी ती कंपनी स्थापन केली होती. परंतु खरा गाजावाजा झाला तो पुढच्या वर्षी. २० फेब्रुवारी २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात सॅमसंगने 'गॅलक्सी फोल्ड' जाहीर केला. किंमत १,९८० डॉलर. २६ एप्रिलपासून अमेरिकेत विक्री व्हायची होती. त्याआधी परीक्षणासाठी काही अमेरिकन पत्रकारांना फोन देण्यात आले आणि थोड्याच दिवसांत काहींचे पडदे बिघडले. कोणी वरचा पातळ पापुद्रा सोलून काढला. नव्या फोनावर संरक्षणासाठी चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद असतो ना, तसाच तो त्यांना वाटला. प्रत्यक्षात तो पडद्याचाच भाग होता. दुसऱ्या एका फोनात पडद्याखाली बारीक कण शिरून फुगवटा आला. २२ एप्रिलला कंपनीने विक्री पुढे ढकलली. कॅलिफोर्नियातील आयफिक्सिट ही संस्था यंत्रे खोलून ती कितपत दुरुस्त होतात ते लोकांना दाखवते. तिने हाही फोन खोलला, बिजागराजवळच्या फटी दाखवल्या, आणि कंपनीची विनंती आल्यावर ते वर्णन मागे घेतले. पापुद्र्याच्या कडा चौकटीखाली नेऊन आणि बिजागराच्या दोन्ही टोकांना टोपणे बसवून तो फोन २७ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. त्यासोबत सूचनांचा कागद होता: नखाने दाबू नये, मिटताना आत नाणे-किल्ली ठेवू नये, पाणी व धूळ लागू देऊ नये. दोन हजार डॉलरांची वस्तू, आणि जपणूक तान्ह्या मुलासारखी!

पडदा मोडतो का, याचे उत्तर आपल्या कपाटातच आहे. घरातली जरीची पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली तर ती घडीवरच विरते. म्हणून आपल्या आज्या दर काही महिन्यांनी ती काढून, वारा देऊन, दुसऱ्या रेषेवर घडी घालीत. फोनाला ती सोय नाही. त्याची घडी जन्मभर त्याच एका रेषेवर पडते. सुरुवातीच्या फोनांत वरचा थर नुसत्या प्लॅस्टिकचा होता. २०२० च्या 'गॅलक्सी झी फ्लिप'मध्ये काच आली, पण ती सुमारे ३० मायक्रॉन जाडीची, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढी पातळ असते म्हणूनच ती वाकते. तिच्यावर पुन्हा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतोच. हात फिरवला की मधोमध खळगा लागतो. अलीकडच्या फोनांत तो पुष्कळ कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही.

कंपन्या सांगतात की घडी इतक्या लाख वेळा घालून पाहिली आहे. पहिल्या फोल्डच्या वेळी हा आकडा दोन लाख होता. दिवसाला शंभर वेळा उघडला तर दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे होतात. २०२५ मध्ये हाच आकडा पाच लाखांवर गेला. अमेरिकेतील सीनेट या परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१९ च्या ऑक्टोबरात एका यंत्राला हेच काम दिले. सुमारे १ लाख २० हजार घड्यांनंतर गॅलक्सी फोल्डचा अर्धा पडदा काळा पडला. २०२० च्या फेब्रुवारीत मोटोरोलाच्या नव्या रेझरची पाळी आली. तो १,५०० डॉलरांचा फोन सुमारे २७ हजार घड्यांतच नीट मिटेनासा झाला. मोटोरोलाचे म्हणणे असे पडले की त्या यंत्राने बिजागरावर गैरवाजवी ताण दिला. त्यात तथ्य असेलही. यंत्र काही माणसासारखे थांबून घाम पुसत नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. प्रयोगशाळेत घडी स्वच्छ हवेत पडते. आपल्या खिशात रुमालाचे सूत असते, शेंगदाण्याचे टरफल असते, समुद्रकाठची वाळू असते.

वाळूचा प्रश्न आपल्या बेटावर मोठा आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फोनाच्या माहितीपत्रकात 'आयपी' अशी अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. २०२१ च्या फोल्डवर पहिल्या आकड्याच्या जागी 'एक्स' होता, म्हणजे पाण्याची परीक्षा झाली, धुळीची नाही. २०२४ आणि २०२५ च्या फोल्डवर ४८ आहे. त्यातला चार सांगतो की एक मिलिमीटरहून मोठा कण आत जाणार नाही. आता समुद्रकाठची मूठभर वाळू हातात घेऊन पाहा, तिच्यातले किती कण एक मिलिमीटरहून मोठे निघतात! २०२५ मध्ये गूगलने काढलेल्या 'पिक्सेल १० प्रो फोल्ड'वर मात्र ६८ हा आकडा आहे. धुळीपासून पुरते संरक्षण सांगणारा सहाचा आकडा पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फोनाला मिळाला, ही निश्चितच प्रगती आहे. त्याची किंमत १,७९९ डॉलर.

आता पैशाकडे वळू. २०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅमसंगने सातवा फोल्ड दाखवला, १,९९९ डॉलरांचा. अमेरिकेत दुकानातल्या पाटीवर विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के, म्हणजे आणखी १३२ डॉलर. एकूण २,१३१. ओरेगॉन किंवा डेलावेअरमध्ये हा कर नाही, पण माझी भाची राहते एडिसनला! आपल्या रुपयांत केवळ मूळ किंमतच नव्वद हजारांच्या आसपास जाते. साधे लहान फोन, वरच्या बाजूने मिटणारे, त्यामानाने स्वस्त आहेत. मोटोरोलाचा २०२५ चा साधा रेझर ६९९ डॉलरांना निघाला. पण त्याच वर्षी गूगलने न मिटणारा 'पिक्सेल ९ए' ४९९ डॉलरांना काढला, आणि त्याला सात वर्षे सुधारणा देण्याचे वचनही दिले. दोन हजारांत असे चार फोन येतील. अख्ख्या घराचे काम झाले.

तरीही अमेरिकेत लोक घेतात कसे? याचे एक कारण हप्ते. तिथल्या टेलिफोन कंपन्या फोन छत्तीस महिन्यांच्या हप्त्यांवर देतात. १,९९९ डॉलरांचे महिन्याला साडेपंचावन्न होतात आणि डोळ्यांना ते थोडे दिसतात. जुना फोन दिला तर हजारभर डॉलर सूट अशी जाहिरात असते. परंतु ती सूट एकदम हातात पडत नाही. छत्तीस बिलांत थोडी थोडी वजा होते. मधेच कंपनी सोडली तर उरलेली सूट बहुधा बुडते. शिवाय हप्ते फिटेपर्यंत फोनाला बहुधा त्या कंपनीचे कुलूप असते, म्हणजे आपल्या बेटावरचे सिमकार्ड त्यात चालत नाही. "तिकडे स्वस्त मिळतो" या वाक्याच्या पोटात हे सारे दडलेले आहे. कोणाकडून मागवायचाच झाला तर पूर्ण पैसे भरून कुलूप नसलेलाच मागवावा.

आणि दुरुस्ती? ग्राहकाच्या बाजूने अमेरिकेत कायदे आहेत, हे मान्य केले पाहिजे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून हमी रद्द करता येत नाही. न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया या राज्यांनी अलीकडे दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. शंभर डॉलर वा त्याहून महाग यंत्राचे सुटे भाग व माहितीपत्रके सात वर्षे उपलब्ध ठेवावी लागतात. पण सुटा भाग मिळणे निराळे आणि तो परवडणे निराळे. आतल्या मोठ्या पडद्याला पाचशे डॉलरांच्या वर सहज लागतात. आणि हे कायदे विमानात बसून आपल्याबरोबर येत नाहीत.

भाचीचे हेच झाले. ज्या फोनाची घडी आजीने मोडली होती, त्याच्या पडद्यावर चौदाव्या महिन्यात मधोमध काळी रेघ उमटली. पडला नव्हता, भिजला नव्हता. हमी बारा महिन्यांची. विमा तिने घेतला नव्हता, कारण महिन्याचे आणखी काही डॉलर वाचवायचे होते. दुरुस्तीचा आकडा ऐकून ती दुकानातून परत आली, आणि गेले वर्षभर बाहेरच्या छोट्या पडद्यावरच काम चालवते आहे. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. एका फोनावरून कोणाला दोष देणे योग्य नव्हे.

गंमत अशी की, "पुन्हा घेशील का?" असे विचारले तेव्हा ती क्षणभरही न थांबता "हो" म्हणाली. रोज दीड तास आगगाडीने न्यूयॉर्कला जाते, उभ्याने. त्या दीड तासात कार्यालयाचे लांबलचक कागद ती त्या मोठ्या पडद्यावर वाचून संपवायची, म्हणून संध्याकाळ मोकळी मिळायची. "मामा, मला तो पडदा नाही, संध्याकाळ विकत मिळत होती," ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. जिला असा दीड तास आहे, जिचा पगार डॉलरांत येतो, जिच्या गावातच दुकान आहे आणि जी विमा घेईल, तिने खुशाल घ्यावा असे मला वाटते. चष्म्याचा नंबर वाढलेल्या, फोनावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसालाही तो सोयीचा आहे. मात्र ज्यांच्या हृदयाशी पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. मिटून राहण्यासाठी या फोनांत लोहचुंबक असतात, आणि चुंबक असलेले फोन अशा उपकरणापासून सहा इंच दूर ठेवावेत असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिलेला आहे.

जगात विकल्या जाणाऱ्या शंभर स्मार्टफोनांत घडीचे अजून जेमतेम एक-दोन आहेत. सहा-सात वर्षे झाली तरी गर्दी तिकडे वळलेली नाही, याचा अर्थ गिऱ्हाईक आपल्याला वाटते तितके भोळे नाही.

शनिवारी माझा विद्यार्थी आला. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डॉलर, कर, विमा, पडदा मोडला तर तो परत अमेरिकेला पाठवण्याचा खर्च, सगळे मांडले. बेरीज पाहून तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "पण गुरुजी, तो उघडताना फार सुंदर दिसतो हो." दिसतोच. मीही त्या दिवशी तो चार वेळा उघडून पाहिला होता.

भाचीला निरोप गेला आहे: त्याच्यासाठी कुलूप नसलेला साधा फोन आण, पावतीसकट. आणि तुझा तो काळ्या रेघेचा फोन फेकू नकोस, येताना घेऊन ये. आजी विचारते आहे.