आधी कान, मग दुर्बीण

दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीच्या रानांत आणि शहरांतल्या जुन्या झाडांवर चिमणीहूनही लहान, हिरवट-करडे पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात. भुवई फिकट, पोट मळकट पांढरे, पंखावर असलीच तर एखादी पुसट रेघ. हे पर्णवटवटे. पक्षिनिरीक्षक सहसा त्यांच्या रंगावर दुर्बीण रोखतो आणि तिथेच फसतो. पानांतून गाळून आलेल्या उजेडात करडे पोट पिवळे दिसते. पंखावरची रेघ पिसे झिजली की मावळते, त्यामुळे एकच पक्षी ऑक्टोबरात एक आणि फेब्रुवारीत दुसरा भासतो. माझे म्हणणे असे, की सारख्या दिसणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत पुराव्यांचा क्रमच बदलायला हवा: आधी आवाज, मग वावर आणि जागा, आणि रंग शेवटी.

हा क्रम पक्ष्यांनी स्वतःच घालून दिलेला आहे. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी 1768 साली लिहिलेल्या पत्रात, तोवर एकच समजल्या जाणाऱ्या वटवट्यांच्या तीन जाती सांगितल्या, त्या मुख्यतः तीन वेगळ्या गाण्यांवरून. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या हिरवट पर्णवटवट्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिबेटच्या पठाराला वळसा घालत या पक्ष्याच्या वस्त्या पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून उत्तरेला सरकत गेल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर गाणे थोडे थोडे बदलत गेले. दोन्ही टोके मध्य सायबेरियात भेटतात, तेव्हा तिथले नर एकमेकांच्या गाण्याला प्रतिस्पर्ध्याचे गाणे म्हणून ओळखत नाहीत, आणि दोन्हींचा संकरही जवळजवळ होत नाही. रूपात फरक जेमतेम, तरी पक्ष्यांच्या लेखी समोरचा परका. ज्या खुणेवरून ते आपला-परका ठरवतात, ती आपण दुय्यम का मानायची?

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: गाणे विणीच्या हंगामातले, आणि हे पक्षी आपल्याकडे येतात हिवाळ्यात. पण गाणे थांबले म्हणजे पक्षी मुका झाला असे नव्हे. हिरवट पर्णवटवट्या हिवाळ्यातही स्वतःपुरता इलाका राखतो आणि त्याची हद्द दिवसभर सादेने जाहीर करत राहतो. ती साद दोन अवयवांची, ‘चि-स्वी’ अशी; त्याच्या कॉकेशसकडून येणाऱ्या हिरव्या भाऊबंदाची बहुधा तीन अवयवांची. घाणेरीच्या जाळीत लपलेला ब्लिथचा वेळू-वटवट्या दिसेल न दिसेल, त्याचा कोरडा, टणक ‘चेक्’ मात्र ऐकू येतोच. वावराचा पुरावा याला जोड देतो. पर्णवटवट्यांपैकी एक पिवळसर पोटाचा पक्षी खडकांवरून आणि बुंध्यांवरून सरपटल्यासारखा फिरतो. त्याला ओळखायला पंखावरची रेघ शोधावी लागत नाही.

दुसरा आक्षेप नकलांचा. ब्लिथचा वेळू-वटवट्या विणीच्या गाण्यात इतर पक्ष्यांचे सूर सर्रास उसने घेतो. मात्र उसने सूर मांडण्याची रीत त्याची स्वतःची असते: एकेक तुकडा सावकाश, पुन्हा पुन्हा, मध्ये आपला ‘चेक्’ पेरत. म्हणून ऐकायचा तो सूर नव्हे, त्याची बांधणी.

तिसरा आक्षेप कॅमेऱ्याचा, आणि आज तोच सर्वांत जोरकस आहे. उत्तम छायाचित्रात पंखाच्या पिसांची लांबी मोजता येते, मागच्या नखाची लांबी दिसते; तीरचिमण्यांच्या ओळखीत हे नख फार कामाचे. हे सारे मान्य. तरीही मोठ्या चोचीच्या वेळू-वटवट्याचा इतिहास आठवावा. 1867 साली पक्षिअभ्यासक ह्यूम यांना सतलजच्या खोऱ्यात याचा एकच नमुना मिळाला, आणि पुढची 139 वर्षे पक्षी जणू नाहीसाच झाला. 2006 मध्ये थायलंडात पक्षिअभ्यासक फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक सापडला, तेव्हा खात्री पटवायला डीएनएची मदत घ्यावी लागली. मग संग्रहालयांचे खण उघडले, तर ब्लिथचा म्हणून चिठ्ठी लावलेली याची कातडी निघाली. म्हणजे पक्षी हातात होता, हवा तितका वेळ होता, तरी चूक झालीच. 2008 मध्ये अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यात मात्र ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्याने त्याचा माग लागला. पुढच्या वर्षी तेच गाणे वाजवून पक्षी जाळ्यात आणले गेले आणि ओळख पक्की झाली.

अर्थात ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी बोलावणे हे संशोधकांचे काम आहे. जेमतेम सात ग्रॅमचा हिवाळी पाहुणा आपला इलाका राखायला धावतो, तेव्हा त्याची शक्ती खर्ची पडते. हौसेखातर ती खर्च करायला लावणे मला अक्षम्य वाटते. आपण ऐकावे आणि मुद्रित करावे. मोबाइलवरचे मुद्रण ध्वनिआलेखात पाहिले, तर दोन अवयव की तीन हे डोळ्यांनाही दिसते आणि शंका असणाऱ्याला तपासता येते. तेवढाही पुरावा नसेल तर यादीत ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहावे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तशी सोय आहे. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे त्या पक्ष्याच्या नकाशात खोटा ठिपका होऊन बसते, आणि तो पुसणे अवघड असते. मोठ्या चोचीचा तो वटवट्या हिवाळ्यात भारतात येतो. आणि ‘ब्लिथचा’ म्हणून नोंदलेल्या असंख्य पक्ष्यांत तो किती वेळा होता, हे आता फक्त मुद्रणेच सांगू शकतील.