कोकणातील एलियाहू

संगणकावरील खेळांत रमणाऱ्या तरुणांना आदाम आणि हव्वा यांची एक निराळीच कथा ठाऊक असते. २००९ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड’ या खेळाच्या दुसऱ्या भागात ही दोघे मानवापूर्वीच्या एका प्रगत जातीच्या दास्यातून, तिचे सामर्थ्यशाली ‘फळ’ घेऊन पळतात. धर्मग्रंथातील व्यक्तीला असे भलत्याच इतिहासात बसविलेले पाहून कोणी नाक मुरडू लागला, तर त्याने एकदा अलिबागेस जाऊन यावे. तेथे असेच काही पूर्वीच घडलेले आहे. मात्र करमणुकीसाठी नव्हे, श्रद्धेपोटी.

बायबलातील हकिकत अशी. संदेष्टा एलीया आपला शिष्य अलीशा याच्यासह यार्देन नदी ओलांडून गेला असता अग्नीचा रथ व अग्नीचे घोडे प्रकट झाले, आणि तो वावटळीतून स्वर्गास गेला. अर्थात त्याला मरण आलेच नाही. आणि जो मेला नाही तो केव्हाही, कोठेही येऊ शकतो. यहुदी लोक वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात, ते याच भरवशावर. मोशेच्या बाबतीत ही सोय नाही. त्याच्या मृत्यूची नोंद ग्रंथातच आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत नवगावनजीक फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढ्याच वाचल्या. पुढे वंशजांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. याच परंपरेत एलियाहू हान्नाबी कोकणात आला आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या परिसरातून (हे खंडाळे घाटमाथ्यावरचे नव्हे) रथासह स्वर्गास परतला. तेथील खडकावर घोड्याच्या टापा व रथाच्या चाकाची खूण आजही दाखवितात. शबात महिन्याच्या १५ तारखेस त्याचा ‘उरूस’ असतो. उरूस म्हणजे वस्तुतः अवलियाची पुण्यतिथी. न मेलेल्या संदेष्ट्यासाठी शेजाऱ्यांचा तो शब्द निःसंकोच उचलला गेला! नवसाला आणि मंगलकार्याला पोहे, ओले खोबरे व साखर यांचा मलिदा फळांसह त्याच्या नावाने ठेवतात.

१९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. तेथे १९६० नंतरच्या वर्षांत धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका उपस्थित केली : तुमचे यहुदीपण निर्भेळ कशावरून? ज्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, त्यांनी वंशावळीचा कागद कोठून आणावा? त्यांच्याजवळ पाळलेला शनिवार होता, सुंता होती, ‘शेमा’ची प्रार्थना होती आणि हा संदेष्टा होता. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले.

खडकावरची खूण पुरावा म्हणून कोणत्याही कचेरीत दाखल होणार नाही, हे कारकुनी पेशात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास सांगावयास नको. परंतु यार्देनच्या देशात परतलेली ही माणसे एलियाहूचा मलिदा तेथेही करतात, आणि कोकणात आली म्हणजे तो खडक पाहावयास जातात.