घाटात गाडी ओढत नाही? आधी आवाज ऐका

मुंबईहून खेड-चिपळूणला निघालेली भरलेली छोटी गाडी कशेडी घाटात अचानक ओढेनाशी झाली, तर ओव्हरटेक करायला जाऊ नका, मागे मुलंबाळं बसलेली असतात. गॅरेजमध्ये पार्ट बदलायला सांगण्याआधी एक गोष्ट स्वतः बघता येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही? मग गिअरच्या गाडीत बहुतेक क्लच प्लेट घसरतेय. जळका वासही येतो.

आवाजच चढत नसेल तर इंजिनला हवा, पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडतेय. पहिल्यांदा एअर फिल्टर काढून बघा, सगळ्यात स्वस्त तोच. मग स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडी, फ्युएल फिल्टर. सीएनजी असेल तर पेट्रोलवर चालवून बघा. नीट ओढली तर दोष गॅसच्या बाजूला. (तशी गॅसवर ताकद थोडी कमीच असते.)

गाडी झटके देतेय आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, तर मात्र बाजूला घेऊन थांबवा. न जळलेलं पेट्रोल एग्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, त्यात तो निकामी होतो. दोनशे-तीनशेच्या प्लगपायी हजारोंचा पार्ट जातो.