‘वॉर्ड ऑफ’ म्हणजे काय?

डासांच्या मलमाच्या खोक्यावर कधी कधी दोन इंग्रजी शब्द छापलेले असतात : ‘वॉर्ड ऑफ’. पोरे ते वाचतात आणि अर्थ विचारायला आमच्याकडे येतात. मोठ्यांनाही तो कळलेला बरा.

‘वॉर्ड’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक वॉर्डावार होते. दवाखान्यात रोग्यांच्या खाटा वॉर्डात असतात. वसतिगृहावर देखरेख करणारा तो वॉर्डन. या शब्दाचा मूळ अर्थ राखण. रेल्वेचा ‘गार्ड’ हा याच शब्दाचा भाऊ, फ्रेंच भाषेतून फिरून इंग्रजीत आलेला. रेल्वेने 2022 साली गार्डाला ट्रेन मॅनेजर हे नाव दिले, ती गोष्ट वेगळी.

‘ऑफ’ही तुम्हाला माहीत आहे. दिवा घालवायचा म्हणजे बटण ऑफ करायचे. पण इथे बंद हा अर्थ घेऊ नका. इथे ऑफ म्हणजे दूर. दोन्ही मिळून अर्थ झाला, राखण करून दूर ठेवणे, येण्याआधीच परतवणे.

ज्वारीत दाणा भरला की तुम्ही माळ्यावर उभे राहून गोफण फिरवता. पाखरांचा थवा कणसावर उतरण्याआधीच वळतो. हे झाले वॉर्ड ऑफ. थवा दाणे खाऊन उडून गेला, मग गोफण फिरवून काय उपयोग? तिथे हा शब्द लागत नाही. कुणी काठी उगारली आणि तुम्ही आपली काठी आडवी धरून घाव चुकवला, तर तेही वॉर्ड ऑफच. संकट येऊ घातले आहे, अजून लागलेले नाही, तेव्हाच हा शब्द चालतो.

आता मलमाकडे वळू. ते लावले म्हणजे डास अंगावर बसत नाही, एवढेच खोक्यावर म्हटले आहे. डास मरत नाही. काही तासांनी मलमाचा गुण ओसरतो. आणि आलेला ताप तर त्याने मुळीच उतरत नाही. पोर तापाने फणफणले असेल तर मलम चोळत बसू नका, दवाखाना गाठा, रक्त तपासून घ्या. शिवाय डेंग्यूचा डास दिवसा चावतो. रात्री निजताना तेवढे मलम लावले, तर त्याच्यापुरती राखण झालीच नाही. तो वाढतो घरातल्या साठवणीच्या पाण्यात. अंड्यातून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. म्हणून रांजण, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करायची. हेही वॉर्ड ऑफच, आणि मलमापेक्षा आम्हाला हेच पक्के वाटते.

एक राहिले. ‘त्याला’ परतव असे इंग्रजीत म्हणायचे झाले, तर ‘त्याला’ म्हणजे ‘इट’ हा शब्द मध्ये शिरतो : वॉर्ड इट ऑफ. वॉर्ड ऑफ इट म्हटले की चुकले. परीक्षेत पोरांचे गुण इथेच जातात.