एक अरापैमा की अनेक?

ॲमेझॉनच्या खोऱ्यात ग्वाराना या वेलीच्या बिया वाटून, वाळवून त्यांच्या कांड्या करतात. या कांड्या किसायची पारंपरिक किसणी म्हणजे अरापैमा माशाची वाळलेली जीभ. ही जीभ हाडाची असते आणि तिच्यावर बारीक दात दाटीने उगवलेले असतात. तोंडात आलेलं भक्ष्य मासा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये चिरडतो.

अशा जिभेचे मासे मत्स्यतज्ज्ञ ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली ‘ऑस्टिओग्लॉसोमॉर्फा’ या गटात एकत्र आणले. वरवर पाहता त्यांचं नातं पटतच नाही. तीन मीटरपर्यंत वाढणारा अरापैमा, हौशी लोकांच्या काचपेटीतला अरोवाना, अंगातून सौम्य वीज सोडत गढूळ पाण्यात वाट काढणारे आफ्रिकेतले हत्तीमासे आणि आपल्या भीमा-कृष्णेतला, सुरीच्या पात्यासारखा चपटा नोटॉप्टेरस, हे सगळे याच गटातले. या गटाचे जीवाश्म थेट डायनोसॉरांच्या काळातले आहेत.

अरापैमाची गोष्ट मात्र वर्गीकरणात किती गोंधळ होऊ शकतो ते दाखवते. १८४७ साली फ्रान्सच्या प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलँसिएनने त्याच्या चार जाती मानल्या. १८६८ मध्ये लंडनच्या ग्युंथरने त्या सगळ्या एकाच जातीत जमा केल्या, आणि पुढं जवळजवळ दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत एकच अरापैमा राहिला.

अमेरिकेचे मत्स्यतज्ज्ञ डोनाल्ड स्टुअर्ट यांनी २०१३ मध्ये जुनी चित्रं पुन्हा तपासली. ब्राझीलहून निसर्गशास्त्रज्ञ स्पिक्सने आणलेल्या एका माशाचा सांगाडा म्युनिकला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत तो नष्ट झाला. पण निसर्गशास्त्रज्ञ आगासीच्या १८२९ च्या ग्रंथासाठी काढलेली त्याची बारकाईची चित्रं उरली होती. त्यांवरून स्टुअर्टनी तो मासा वेगळ्याच जातीचा असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी सडपातळ अंगाची आणखी एक नवी जात नोंदवली. तिचा नमुना ब्राझीलमधल्या मनाउसच्या संग्रहात आधीपासूनच होता!

जाती नेमक्या किती, यावर आजही एकमत नाही. पण हा वाद नुसत्या संग्रहालयाच्या कपाटातल्या बाटल्यांचा नाही. अरापैमाला हवेसाठी दर काही मिनिटांनी वर यावंच लागतं. नेमका तेव्हाच भाला बसतो. जाती अनेक असतील, तर एखादी नकळत संपूही शकते. त्यातून मत्स्यपालनासाठी एका नदीची पिल्लं दुसरीकडं नेली जातात. पेरूच्या तळ्यांतून सुटलेला अरापैमा बोलिव्हियाच्या नद्यांत पसरलाही आहे. कुठली जात कुठली, हे ठरण्याआधी अशी ने-आण थांबायला हवी. एकदा संकर झाला की तो निस्तरता येत नाही.