राईएवढा पक्षी, पर्वताएवढ्या गप्पा

'गप' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. लहानशी गोष्ट फुगवून सांगितली, की मराठीत आपण 'राईचा पर्वत केला' असे म्हणतो. उर्दूतही 'राई का पहाड बनाना' म्हणतात. शेखचिल्लीच्या गोष्टी ऐकून आपण पोट धरून हसतो. सांगणारा गप मारतो आहे, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. म्हणून अशी गप म्हणजे खोटेपणा नव्हे, ती करमणूक असते.

जगात एक पक्षी असा आहे, की त्याच्याविषयी लोकांनी पुष्कळ गप्पा रचल्या. त्याचे नाव हमिंगबर्ड, म्हणजे गुणगुणणारा पक्षी. तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत व जवळच्या बेटांवर आढळतो. आपल्याकडे फुलांवर दिसणारा शिंजीर, ज्याला उर्दूत शकरखोरा म्हणतात, तो वेगळा. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो आणि चक्क मागेही उडतो!

क्यूबा बेटावरचा मधमाशी हमिंगबर्ड हा जगातील सर्वांत लहान पक्षी आहे. त्याची लांबी पाच ते सहा सेंटिमीटर आणि वजन सुमारे २ ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा साखरेएवढे! आता समजा, एखादा गप्पिष्ट म्हणाला, "माझ्या मामूंनी एका हमिंगबर्डच्या रश्श्यावर शंभर माणसांना जेवू घातले." आपण लगेच गणित करावे. २ ग्रॅम भागिले १०० म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ०.०२ ग्रॅम पक्षी, तोही चोच आणि पिसांसह! गप पकडायला गणित असे उपयोगी पडते. पण सगळ्याच गप्पा इतक्या सहज पकडता येत नाहीत.

अमेरिकेत एक जुनी गप आहे. हिवाळा जवळ आला, की हमिंगबर्ड रानहंसाच्या पाठीवर बसून दक्षिणेला जातो. हंस त्याच्याकडे तिकीट मागतो की नाही, हे मात्र कोणी सांगत नाही! खरी गोष्ट याहून नवलाची आहे. लाल गळ्याच्या हमिंगबर्डचे वजन सुमारे ३ ग्रॅम असते. प्रवासापूर्वी तो भरपूर खातो आणि त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मग अनेक पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर अंतर न थांबता पार करतात. खाली समुद्र असतो, बसायला फांदी नसते. अंगातील चरबी हीच त्यांची शिदोरी. रानहंस तर इतक्या दक्षिणेला जातही नाहीत.

दुसरी गप सोळाव्या शतकातील आहे. बर्नार्दिनो दे साआगून नावाचे स्पॅनिश धर्मोपदेशक मेक्सिकोत राहत होते. तेथील लोकांची माहिती त्यांनी लिहून ठेवली. हा पक्षी थंडीत झाडात चोच खुपसून लटकतो, सुकून जातो आणि पावसाळा येताच पुन्हा जिवंत होतो, असे तीत आहे. मेलेला पक्षी जिवंत होत नाही, हे उघड आहे. पण या गपेच्या पोटात सत्याचा दाणा आहे. थंड रात्री शक्ती वाचवण्यासाठी हमिंगबर्ड गाढ सुप्तावस्थेत जातो. उडताना त्याचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक वेळा धडधडते. सुप्तावस्थेत ते अगदी मंद होते. अंगही गार पडते. पेरू देशातील अँडीज पर्वतात एका हमिंगबर्डच्या शरीराचे तापमान ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेले शास्त्रज्ञांनी मोजले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. असा पक्षी पाहणाऱ्याला तो मेला असेच वाटणार! सकाळी अंग तापले, की तो पुन्हा भुर्रकन उडतो.

आता खाण्याची गंमत पाहू. 'हमिंगबर्ड फक्त मध पितो' हीसुद्धा एक गपच आहे. मधातून साखर मिळते, पण स्नायू बनवणारी प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. म्हणून तो चिलटे, माश्या आणि लहान कोळी खातो. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले किडेही तो पळवतो. त्याच जाळ्याचे धागे नेऊन मादी घरटे विणते. म्हणजे जेवण आणि बांधकामाचे सामान एकाच दुकानातून! अंडी घालण्याच्या दिवसांत मादी राख किंवा माती खाताना दिसली आहे. त्यातून तिला कॅल्शियमसारखी खनिजे मिळतात. कधी उलटेही घडते. मोठा प्रार्थना-कीटक फुलाजवळ दबा धरून बसतो आणि हमिंगबर्डलाच पकडून खातो. कीटकाने पक्षी खाल्ला, असे कोणी सांगितले असते, तर आपण त्याला थापाड्या म्हटले असते!

मित्रांनो, हसवणारी गप कोणाचे नुकसान करत नाही. पण एक गप मात्र घातक ठरली आहे. वाळवलेला हमिंगबर्ड जवळ ठेवला, की प्रेमात यश मिळते, अशी समजूत मेक्सिकोत काही लोकांत आहे. त्यासाठी हे इवलेसे पक्षी मारून चोरून विकले जातात. कायद्याने बंदी असूनही हे घडते. ऐकणाऱ्याने गप खरी मानली आणि तिची किंमत पक्ष्याने प्राण देऊन चुकवली.

म्हणून गप ऐकावी, मनापासून हसावे. पण ती खरी मानण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहिले? मोजून पाहिले का? यामुळे कोणाला इजा तर होत नाही ना? हे प्रश्न विचारले म्हणजे गंमत कमी होत नाही. उलट, कितीतरी वेळा सत्यच गपेपेक्षा मोठे निघते.

शब्दार्थ
गप्पिष्ट – गप्पा मारणारा. शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न. सुप्तावस्था – गाढ झोपेसारखी स्थिती. दबा धरणे – लपून वाट पाहणे. इवलासा – अगदी लहान.

स्वाध्याय
१. हमिंगबर्ड आणि शिंजीर यांच्या मध पिण्यात कोणता फरक आहे?
२. 'गपेच्या पोटात सत्याचा दाणा आहे' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. 'राईचा पर्वत करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. तुम्ही ऐकलेली एखादी मजेदार गप पाच-सहा वाक्यांत लिहा आणि तिला पाठातील तीन प्रश्न विचारा.